गावात घरोघरी फायबर टाकताना आधी काय, मग काय, आणि लाल लाईट कशानं लागतो

गावात फायबर जोडणाऱ्या नव्या पोरांचे फोन येतच राहतात आणि बहुतेकांचं दुखणं एकच असतं, केबल आधी ओढली आणि विचार नंतर केला. नेट चालू झालं, हिरवा लाईट लागला, पैसे घेतले, घरी गेले. पंधरा दिवसांनी फोन, "भाऊ, नेट चालूनच नाही रायलं बा." मग पुन्हा शिडी, पुन्हा पेट्रोल, आणि त्या वेळचे पैसे कोणी देत नाही.

म्हणून सगळं ओळीनं लिहितो. चौकातल्या स्प्लिटरच्या डब्यापासून (स्प्लिटर म्हणजे एका फायबरचा उजेड अनेक घरांत वाटणारा तुकडा) घरातल्या ओएनयूपर्यंतचं (फायबरचा उजेड घेऊन नेट देणारा डबा, उजेड पोचला नाही की याच्यावरच लाल लाईट लागतो) काम, एवढंच. मेन लाईन गावापर्यंत कशी आली ते यात नाही. घरवाल्यांनी पण वाचा, पोरगा काम करत असताना कुठं बघायचं ते कळेल.

१. आधी गाव फिरा, ड्रम गाडीतच राहू द्या

दुपारी सामसूम असताना गाव बघून काही कळत नाही. संध्याकाळी जा, वावरातून गाड्या परत येतात तेव्हा. कापूस भरलेली ट्रॉली किंवा कुटाराची गाडी गल्लीतून जाताना बघा म्हणजे केबल किती उंच पाहिजे ते समजतं. कुटार तर चारही बाजूंनी बाहेर आलेलं असतं, केबल खाली लोंबली की सरळ ओढून नेतं आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. रस्ता ओलांडताना मी निदान २० फूट उंची ठेवतो, त्याखाली नाही.

पोळ्याचं तोरण कुठं बांधतात, देवीची आणि गणपतीची मिरवणूक कोणत्या रस्त्यानं जाते, लग्नाचा मंडप कोणत्या मोकळ्या जागेत पडतो, हे विचारून घ्या. हसण्यावारी नेऊ नका. मिरवणुकीत मूर्तीच्या वर केबल आली की एक जण बांबूनं ती वर ढकलतो, आणि बांबूच्या टोकाला केबलमधली काच, म्हणजे फायबर, कशी वाकते ते तुम्हीच समजा. वानरं कोणत्या बाजूनं गावात येतात तेही बघा. कडूनिंबावरून टिनावर उडी मारताना मधे केबल असेल तर ते तिलाच लटकणार.

मग परवानग्या. ग्रामपंचायतीचं लेखी पत्र घ्या, सरपंच तोंडी "टाका ना" म्हणाले एवढ्यावर काम सुरू करू नका. महावितरणच्या पोलला हात लावायचा असेल तर त्यांची परवानगी वेगळी. आणि कोणाच्या भिंतीवरून, छपरावरून केबल जाणार असेल तर त्या घरात जाऊन विचारा. दोघा भावांचं धुऱ्यावरून भांडण चालू असलं की एकाचं नेट दुसऱ्याच्या भिंतीवरून जाऊ शकत नाही, हे नकाशात दिसत नसतं. असं असेल तर दोन पोल लांबून घ्या पण भावकीत पडू नका.

खोदायचं असेल तर २०२३ पासून सरकारचं कॉल बिफोर यू डिग ॲप आहे, त्यात आधी कळवायचं म्हणजे जमिनीखाली ज्यांच्या लाईनी आहेत त्यांना निरोप जातो. आणि गावातल्या नळ सोडणाऱ्या माणसाला सोबत घेऊन एक चक्कर मारा, पाईप कुठून वळला ते त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

चेक: वहीत गल्लीचा हातानं काढलेला नकाशा, पोल ते पोल अंतर टेपनं मोजलेलं, आणि प्रत्येक घराची केबल कोणत्या डब्यातून निघणार ते लिहिलेलं. हे तयार नसेल तर पुढं जाऊ नका.

२. डीबीचा हिशोब कागदावर

हा टप्पा सगळेच खातात. "मशीन आहे ना, बघू" म्हणतात. अहो काच वितळवून जोडणारं मशीन जोड करतं, हिशोब करत नाही.

सोपं आहे. डीबी म्हणजे वाटेत उजेड किती घटला त्याचं माप, डीबीएम म्हणजे तिथं उरलेला उजेड, उणे आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. दर ३ डीबीला उजेड अर्धा होतो. आपल्याकडे जी जीपॉन लाईन (एका फायबरवरून अनेक घरांना नेट देणारी) चालते तिच्यात ओएनयूला उणे २७ डीबीएमपर्यंतचा उजेड समजतो, पण त्या काठावर लाईन सोडायची नसते. मी उणे २५ च्या खाली कोणाचीच लाईन सोडत नाही. उलट उणे ८ पेक्षा जास्त उजेड आला तरी ओएनयू गोंधळतो, डब्याच्या अगदी जवळच्या घरात मधे स्प्लिटर न लावता सरळ जोडलं की असं होतं.

आता एक उदाहरण धरा. ओएलटीमधून (कंपनीच्या टोकाचं यंत्र, जिथून उजेड निघतो) अधिक ३ डीबीएम निघतं. तिथून गाव ४ किलोमीटर, किलोमीटरला ०.३५ धरून १.४ गेले. चौकात एकास आठचा स्प्लिटर, त्याचे साधारण १०.५. गल्लीत एकास चारचा, त्याचे ७.३. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.५ धरून २. सहा जोड, प्रत्येकी ०.१ म्हणजे ०.६. बेरीज २१.८. म्हणजे घरात साधारण उणे १८.८ यायला पाहिजे.

हा आकडा वहीत लिहून ठेवायचा. घरात मीटर उणे १९ दाखवतंय तर काम बरोबर. उणे २४ दाखवतंय तर नेट चालेल, हिरवा लाईटही लागेल, पण कुठंतरी ५ डीबी सांडलेत आणि ते शोधल्याशिवाय तिथून निघायचं नाही. ज्याच्याकडे अपेक्षित आकडाच नाही तो उणे २४ बघून खूश होऊन घरी जातो, आणि पहिल्या पावसात त्याचा फोन वाजतो.

अजून एक, गल्लीत घरं वाढली म्हणून एकास चार काढून एकास आठ लावला तर सगळ्याच घरांचे अजून ३ डीबी गेले. जुन्या ग्राहकांची लाईन नव्या कनेक्शनमुळे बंद पडते ती अशी.

३. सामान

ड्रॉप केबल (डब्यापासून घरापर्यंतची) चपटी, लोखंडी तार चिकटलेली, आतली ताकदीची काडी एफआरपीची (बिनधातूची, फायबरग्लासची) असलेली घ्या. स्वस्तात आत पण लोखंड असलेली येते, ती घरात वीज आणते. फायबर जी ६५७ ए प्रकारची, वळण सहन करते. लांबी मोजलेल्या अंतराच्या दहा टक्के जास्त, शिवाय दोन्ही टोकांना लूपची (राखीव गुंडाळीची) वेगळी.

बाकी हुक, ड्रॉप क्लॅम्प, स्लीव्ह (जोडावर बसणारी संरक्षक नळी), कपलर, स्ट्रीपर (आवरण सोलायला), क्लीव्हर (काच सरळ कापायला), ९९ टक्क्याचं आयपीए (पुसायचं अल्कोहोल), धागे न सोडणारा टिश्यू, पॉवर मीटर (उजेड मोजायला), लाल लेझर पेन. आयपीए संपलं म्हणून सॅनिटायझर वापरणारे मी पाहिलेत, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, काचेवर थर बसतो.

ड्रम उघडल्याबरोबर एका टोकातून लाल लेझर मारा, दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसला पाहिजे. पोलवर चढवल्यावर केबल आतून तुटलेली निघाली तर त्याचं खापर तुमच्यावरच.

४. केबल ओढणं

ड्रम आडवा पाडून बाजूनं फेरे काढत केबल ओढू नका, प्रत्येक फेऱ्याला एक पीळ पडतो. मधून सळई घालून ड्रम फिरता ठेवा, एक जण तिथं उभा, एक जण पुढं.

ताण नेहमी लोखंडी तारेवर यायला पाहिजे, काचेच्या भागावर नाही. टोकाला तार वेगळी सोलायची, ती हुकाला गुंडाळायची आणि काचेचा भाग बाजूनं ढिला निघाला पाहिजे. घाईत पोरं अख्खी चपटी केबलच हुकाला गाठ मारतात. गाठीत काच चेपते, त्या दिवशी १ डीबी जातो आणि सहा महिन्यांनी अख्खी लाईन.

झोळ सोडायचा. हे मी स्वतः मार खाऊन शिकलो. मे महिन्यात, आपल्याकडचं ४५ च्या वरचं ऊन, आणि मी केबल वीणेच्या तारेसारखी ताणून बांधली कारण तशी बघायला सुंदर दिसते, लोकांनीही वाहवा केली. डिसेंबरात थंडीनं तार आकसली आणि एका गल्लीतली तीन घरं एकाच आठवड्यात गेली, हुकाजवळ तार इतकी ताणली होती की बोटानं वाजत होती. तेव्हापासून ४० मीटरच्या गाळ्याला (दोन खांबांमधलं अंतर) अर्धा-पाऊण मीटर झोळ. उन्हाळ्यात बांधत असाल तर जास्तीकडे झुका. ५० मीटरच्या वर गाळा जात असेल तर मधे खांब रोवा, ही चपटी केबल त्यासाठी नाही.

सावधान: विजेच्या पोलवर लोखंडी तारेची ड्रॉप केबल नेऊच नका. तिथून जावंच लागत असेल तर बिनधातूची एडीएसएस केबल, लेखी परवानगी, आणि लाईनमननं डीपीवरून लाईन बंद करून स्वतः सांगितल्यावरच काम. "लाईन गेलीच हाय ना" म्हणून चढू नका, लाईन गेलेली परत येते. ॲल्युमिनियमची शिडी गावात आणूच नका.

जमिनीखालून नेत असाल तर काळी माती लक्षात ठेवा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भेगेसोबत पाईपही सरकतो. म्हणून एचडीपीई पाईपमधूनच न्या, खाली-वर वाळू टाका, पाईपच्या जोडावर कपलर घट्ट बसवा आणि दोन्ही टोकांना खड्ड्यात दोन-तीन मीटरचा लूप ढिला ठेवा. मोठ्या लाईनी १.६५ मीटर खोल असतात, गल्लीत एवढं कोणी खोदत नाही, पण अडीच-तीन फुटांच्या वर आणू नका. नालीच्या कडेनं नेलं तर नाली उपसायला येणारी जेसीबी एक दिवस केबल काढणारच.

५. घरात आत घेणं

लोखंडी तार घराच्या बाहेरच संपली पाहिजे. भिंतीवरच्या हुकाला बांधा, उरलेली कापून टाका, आत फक्त काचेचा भाग. काच वीज नेत नाही पण तार नेते, आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर विजा कशा पडतात ते सांगायला नको.

भोक आतून बाहेर उतरतं पाडा. बाहेर भोकाच्या खाली केबलला वीतभर झोका द्या म्हणजे पाणी झोक्यावरून ठिपकेल, भोकात शिरणार नाही. मातीच्या भिंतीला नुसतं भोक पाडलं तर माती झडत राहते, पाईपचा तुकडा घालून मगच केबल टाका आणि तोंड पुटीनं बंद करा.

कवेलूच्या घरात केबल आढ्यावरून नेऊ नका, दिसायला सोपं वाटतं. आढ्यावर उंदीर आणि खारी, आणि खोलीत तुरीची नाहीतर चण्याची पोती असतील तर उंदीर पिढ्यान् पिढ्या राहतो. पट्टी लावून भिंतीनं न्या. खिळा केबलवर ठोकायचा नाही, क्लिपमधे. कोपऱ्यात काटकोनात दाबू नका, वळण पाणी प्यायच्या पेल्याच्या तोंडाएवढं तरी मोठं ठेवा.

ओएनयूची जागा घरवाल्यांशी बोलून ठरवा. एका काकूंनी देवळीत ठेवायला लावला, उदबत्तीची राख आणि तेलाचा धूर महिनाभर कनेक्टरवर बसला. चुलीजवळ नको, टिनाला टेकून नको, गोदरेजच्या कपाटामागं तर अजिबात नको कारण वायफाय तिथंच मरतं.

६. जोड

इथं सावकाश वाचा, कारण बाकी चुका सुधारता येतात पण घाणेरडा जोड महिनोन्महिने छळतो.

बसायची जागा आधी ठरवा. गल्लीत वारा सुटला असेल तर घरात बसा, पंखा बंद करा. खाली काळा कागद अंथरा म्हणजे काचेचे तुकडे दिसतील. तुकडे टाकायला झाकणाची बाटली पाहिजेच. १२५ मायक्रॉनची काच केसासारखी असते, तळव्यात घुसली तर दिसत नाही, नुसती टोचत राहते, टॉर्च तिरपा धरून चिमट्यानं काढावी लागते. लहान पोरं कुतूहलानं जवळ येऊन बसतात, त्यांना आधी उठवा. तिथं बसून चहा, खर्रा काही नाही. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही, तो उजेड डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

आता क्रम:

पहिलं, स्लीव्ह काचेवर ओवा. सगळ्यात आधी. जोड सुंदर झाला, मशीन ०.०१ दाखवतंय, आणि स्लीव्ह टेबलावरच पडलेली, हे प्रत्येकाच्या नशिबी एकदा तरी येतं. मग तोडा आणि पुन्हा करा.

दुसरं, रंग तपासा. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी, ही ओळ पाठ पाहिजे. मोठ्या केबलमधल्या ट्यूबचेही (फायबर गटानं ठेवणाऱ्या नळ्या) रंग याच ओळीत. दिवस मावळल्यावर पिवळ्या बल्बच्या उजेडात करडा आणि पांढरा सारखाच दिसतो, तेव्हा मोबाईलचा टॉर्च लावा नाहीतर एका घरची लाईन दुसऱ्या घरी जाईल.

तिसरं, वरचं कवच सोला, मग ३-४ सेंटीमीटर आतलं रंगीत आवरण एका ओढीत काढा. दोन-तीनदा खरडलं तर काचेवर ओरखडा राहतो, जोड होतो पण नंतर थंडीत तडकतो.

चौथं, आयपीएनं पुसा. टिश्यू ओला करून एकाच दिशेनं, चूं असा आवाज आला की साफ. टिश्यूची बाजू प्रत्येक वेळी बदला.

पाचवं, क्लीव्हरनं कापा. कापल्यानंतर टोक परत पुसायचं नाही, कशाला टेकवायचं नाही, सरळ मशीनमधे. इथं नव्वद टक्के पोरं चुकतात असं मी म्हणेन, मोजलं कोणी नाही. कापतात, मग "एकदा पुसून घेतो" म्हणतात आणि टोकाला टिश्यूचा धागा लागतो. पुसणं कापायच्या आधी असतं. मशीनवर कोन १ अंशाच्या वर दाखवला तर हट्ट न करता पुन्हा कापा. सारखाच वाईट कोन येत असेल तर पात्याची धार गेलीय, पातं पुढच्या नंबरवर फिरवा.

सहावं, जोड मारा. सकाळी गारव्यात चालवलेली मशीन दुपारी टिनाखाली वेगळी वागते, जागा आणि तापमान बदललं की आर्क टेस्ट (मशीनच्या ठिणगीची चाचणी) घ्या, दोन मिनिटं लागतात. मशीन जे लॉस दाखवते तो तिचा अंदाज असतो, मोजमाप नाही. खरा आकडा पॉवर मीटरचा.

सातवं, स्लीव्ह जोडाच्या बरोबर मधे आणून हीटरमधे टाका. बाहेर आल्यावर आत बुडबुडा नको. थंड होईपर्यंत हात लावू नका, गरम असतानाच ट्रेमधे दाबली की वाकून बसते.

मग ट्रेमधे गोल गुंडाळी, पेल्याच्या तोंडाचा नियम इथंही.

मशीन नाही म्हणून फास्ट कनेक्टर (न वितळवता हातानं बसवायचा) लावणाऱ्यांसाठी: घराच्या आत चालतो, बाहेरच्या डब्यात लावू नका. आत एक जेल असते आणि आपल्याकडच्या उन्हात-धुळीत ती टिकत नाही. कितीही हात बसला तरी ०.३ ते ०.५ डीबी जाणारच, ते हिशोबात धरा.

कनेक्टरचा रंग बघायला विसरू नका. हिरवा एपीसी, त्याचं तोंड ८ अंशात तिरपं. निळा यूपीसी, सरळ. हिरवा निळ्यात घुसतो, क्लिक असा आवाजही येतो, पण तोंडं जुळत नाहीत आणि कितीतरी डीबी तिथंच सांडतात. "सगळं बरोबर हाय तरी लाल लाईट काऊन लागला बे?" याचं उत्तर अर्ध्या वेळा हेच असतं.

७. आधी मीटर, मग ओएनयू

ओएनयू लावून हिरवा लाईट बघणं म्हणजे मोजणं नाही. केबलचं टोक पुसा, मीटर १४९० वर (घराकडे येणाऱ्या उजेडाची वेव्हलेंथ, नॅनोमीटरमधे) ठेवा, जोडा, आकडा वाचा. बऱ्याच जणांचं मीटर १३१० नाहीतर १५५० वरच पडलेलं असतं.

आकडा हिशोबाच्या २ डीबीच्या आत आला तर पुढं. नाही आला तर मागं मागं जा: आधी घरातला कनेक्टर पुसून बघा, मग गल्लीतल्या डब्यात स्प्लिटरच्या त्याच पायावर (त्या घराकडे निघणाऱ्या तोंडावर) मोजा. तिथं बरोबर असेल तर गडबड तुमच्या ड्रॉपमधे. चालू लाईनवरून केबल सोडवून टोकातून लाल लेझर मारा आणि संध्याकाळी केबलच्या बाजूनं चालत जा, जिथं काच दबलीय तिथं लाल चमक दिसते, बहुतेक वेळा हुकाजवळ नाहीतर भिंतीच्या कोपऱ्यात.

मग ओएनयू. ॲडॉप्टर त्याचाच लावा, १२ व्होल्टचा दुसरा बसतो पण ॲम्पियर कमी पडले की ओएनयू सारखा बंद-चालू होतो आणि लोक फायबरला शिव्या देतात. लोडशेडिंगच्या गावात १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घरवाल्यांना सुचवा. पासवर्ड त्यांच्यासमोर टाका, फोन नंबर पासवर्ड म्हणून ठेवू नका. विजा कडाडायला लागल्या की ॲडॉप्टर बोर्डातून काढायला सांगा, फायबर तसंच राहू द्या.

८. निशाणी आणि वही

केबलच्या दोन्ही टोकांना टॅग. पेननं लिहिलेला कागद नाही, उन्हात दोन महिन्यांत पांढरा पडतो. पक्क्या मार्करनं प्लास्टिकच्या पट्टीवर घराचं नाव आणि स्प्लिटरचा पाय नंबर. डब्याच्या झाकणाला आतून तोच तक्ता चिकटवा. वहीत तारीख, अपेक्षित आकडा, आलेला आकडा, केबलची लांबी.

घरवाल्यांनी एवढं करा: पोरगा निघायच्या आधी मीटरवरच्या आकड्याचा फोटो काढून घ्या. म्हैस त्या केबलला बांधू नका, कपडे वाळत घालू नका. हे लिहावं लागतंय कारण दोन्ही मी पाहिलंय.

९. पहिल्या पावसानंतर एक चक्कर

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की डबे उघडून बघा. झाकणाच्या रबरात मुंग्यांनी माती भरलेली असते, पाली असतात, कधी गांधीलमाशीचं पोळं, म्हणून बाजूला उभं राहून उघडा. खांब मातीत कलले का बघा, कलला तर झोळ बदलतो. दोन-चार घरांत परत मीटर लावा. १ डीबीपर्यंत फरक चालतो. जास्त असेल आणि डब्यात ओल दिसली तर लगेच जोड उपसत बसू नका, आधी डबा कोरडा करा, रबर बदला, केबल शिरते ते तोंड खालच्या बाजूला येईल असा डबा फिरवा, कनेक्टर पुसा, आणि नवा आकडा वहीत जुन्याच्या खाली लिहा.